दोन किल्ल्यांचं कुलूप

रखमाजीनं ते कुलूप घरी आणलं तेव्हा वलवणीतल्या बायका बघायला आल्या होत्या. बाकी गावाच्या दारांना कडी-कोयंडा आणि त्यात अडकवलेलं लोंबतं कुलूप. हे मात्र पितळी पेटीसारखं, दाराला आतून स्क्रूनं बसवायचं. बाहेरून दिसायचं ते नुसतं भोक. रखमाजी लोणावळ्याला एका शेटच्या बंगल्यावर माळी होता. शेटनं दिवाणखान्याचा दरवाजा नवा केला, जुन्या दाराचं कुलूप अडगळीत पडलं. ते यानं मागून घेतलं.

कुलपाबरोबर किल्ल्या दोन. रखमाजीच्या बायकाही दोन. थोरली मुक्ताबाई लग्नाची, धाकटी बयाबाई पाटाची. आधीचा नवरा वारल्यावर रखमाजीशी पाट लावून आलेली. थोरलीला मूल झालं नाही म्हणून धाकटी आणली होती, आणि धाकटीलाही झालं नाही. मग त्या विषयावर घरात कोणी बोलेना.

कुलूप बसवून झाल्यावर रखमाजीनं दोघींना समोर उभं केलं आणि दोन्ही हात एकदम पुढे करून एकेकीच्या तळहातावर एकेक किल्ली ठेवली. आधी कुणाला दिली, हे बोलायला जागाच ठेवली नाही.

"आन् तुमाला?" मुक्ताबाईनं विचारलं.

"मला कशाला? दोघींतली एक तर घरात असंलच की. ती उघडंल."

असा तो माणूस. भांडण दारात यायच्या आधीच त्याची सोय लावायचा. पण मरताना काही त्याला सोय लावता आली नाही.

भाद्रपदात त्याला ताप भरला. शेवटच्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले. मुक्ताबाई पाण्याचं फुलपात्र घेऊन उंबऱ्याशी उभी होती, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बया कुटं हाय? पानी दे म्हनावं." बयाबाई गोठ्यातनं धावत आली, मुक्ताबाईच्या हातातलं फुलपात्र घेतलं आणि त्याच्या ओठाला लावलं. तेवढंच झालं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

दोघींची कपाळं एकाच दिवशी पुसली गेली. मुक्ताबाई रडली, जेवणावळीची भांडी मोजून घेतली, आल्यागेल्याशी बोलली. पण ते फुलपात्र तिला मनातनं खाली ठेववेना. वीस-बावीस वर्षं या हातानं भाकरी वाढली, आणि घोटभर पाण्याला दुसरीचा हात?

तेराव्यानंतर वडिवळ्याहून बयाबाईचा भाऊ तिला चार दिवस माहेरी न्यायला आला. निघताना ती मुक्ताबाईच्या पाया पडली. "आक्का, कापनीला येते. एकट्यानं भात कापू नगासा."

मुक्ताबाई म्हणाली, "ये." पण ते नुसतं तोंडानं.

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर अंबाजी ओट्यावर येऊन बसला. त्याला बोलायचं असलं की तो आधी तंबाखू मळायचा, आणि बराच वेळ मळायचा.

"वैनी, एक बोलू का? ती पाटाची. दादा व्हता तवर ठीक. आता तिचा भाऊ हाय, त्याचं घर हाय. आज र्‍हाईल, उद्या भावाला हितं आनून बसवंल. बाजारातनं एक नवं कुलूप आना, दाराला लावा. आली म्हंजी आपसूक समजंल. तोंडानं बोलायची पाळी न्हाई."

मुक्ताबाई दाणे पाखडत होती. सूप थांबलं नाही. पण तिनं ऐकलं होतं.

"नवं कुलूप दिसंल की गावाला," ती जरा वेळानं म्हणाली. "मुक्ताबाईनं सवतीला भायेर काढलं, म्हनत्याल."

"म्हनू द्या."

"तुमाला सोपं हाय, भावजी. पानवठ्यावर मला जायचं असतंय."

मग तिला रखमाजीचंच बोलणं आठवलं. बंगल्यातला हंगाम संपून भाडेकरू मुंबईला परतले की शेट सोपान कुलूपवाल्याला बोलवायचा. सोपान कुलपं बदलायचा नाही. उघडून आतलं काहीतरी फिरवायचा, आणि भाडेकरूंनी चुकून किंवा मुद्दाम नेलेल्या किल्ल्या एका दिवसात फुकट जायच्या. "दार त्येच, कुलूप त्येच," रखमाजी हसून सांगायचा, "किल्लीच तेवढी परकी व्हती."

"भावजी," मुक्ताबाई म्हणाली, "त्यो स्क्रू काढायचा पेचकस हाय का तुमच्याकडं?"

बाजाराच्या दिवशी ती लोणावळ्याला गेली. कुलूप जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं होतं आणि वरून भाजीची टोपली. वाटेत शेजारच्या शालूबाईनं विचारलं, "काय घेऊन चाललीयास एवढं जड?" मुक्ताबाई म्हणाली, "रताळी." शालूबाई म्हणाली, "रताळी बाजारातनं आनत्यात, बाजारात नेत न्हाईत." मुक्ताबाईनं पाय उचलला.

सोपानचं दुकान म्हणजे बाजाराच्या कडेला एक पत्र्याची छपरी, पुढे लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर किल्ली पकडायचा शेगडा आणि मागे खिळ्यांना टांगलेल्या शेकडो किल्ल्या. म्हातारा चष्म्याची एक काडी दोर्‍यानं कानाला बांधायचा. त्यानं फडकं सोडलं आणि कुलूप ओळखलं.

"ह्ये तर शेटच्या बंगल्याचं. रखमाजीनं न्हेलं व्हतं. कसा हाय?"

"गेले."

सोपाननं हात थांबवला. मग कुलपाचं झाकण काढलं. आत पितळेच्या चार पातळ पत्त्या एकीवर एक बसलेल्या होत्या, आणि त्यांच्या अंगाला जरासं काळं मेण.

"काय करायचंय?"

"ह्या किल्लीनं उघडावं," मुक्ताबाईनं आपली किल्ली पुढे केली. "दुसरीनं न्हाई. पर कुलूप ह्येच दिसलं पायजे."

"ह्येच दिसंल. भोकसुदिक त्येच." त्यानं चिमट्यानं एक पत्ती उचलून दाखवली. "ह्या चौघी आपापल्या उंचीवर आल्या की कुलपाची जीभ सरकती. ही एक काढतो, तिच्या जागी दुसर्‍या मापाची बसवतो, आन् तुमच्या किल्लीचा तेवढाच दात कानशीनं उतरवतो. जुनी किल्ली आत जाईल. फिरनार न्हाई." मग त्यानं चष्म्याच्या वरून बघितलं. "दुसरी किल्ली कुनाकडं हाय?"

"तुमाला कशाला?"

"सगळ्यांना इचारतो. हरवली असंल तर गोष्ट येगळी. जित्या मानसाकडं असंल तर त्याला सांगावं लागतं, बाई. न्हाई सांगितलं तर मानूस काय समजतंय? आपलंच चुकलं समजतंय. फिरवत र्‍हातं, जोर लावतं, किल्ली मोडतं, आन् मोडका तुकडा काढायला मलाच बोलावत्यात."

"हरवलीया," मुक्ताबाई म्हणाली.

सोपान कामाला लागला. कानस किल्लीवर फिरू लागली तसा तिचा आवाज मुक्ताबाईच्या दातांत गेला. पिवळा भुगा ठोकळ्यावर सांडला. काम संपल्यावर त्यानं काढलेली पत्ती दोर्‍यात ओवून, गाठ मारून तिच्या हातावर ठेवली.

"ही कशाला?"

"माझी रीत हाय. काढलेली टाकत न्हाई, ज्याची त्याला देतो. मन बदललं तर हीच बसवायची. न्हाईतर हरवलेली किल्ली घावली तर ती आना, दोन हात मारले की तीबी चालंल."

पत्ती नखापेक्षा जरा मोठी. मुक्ताबाईनं ती कमरेच्या पिशवीत सुपारीच्या खांडांबरोबर टाकली. घरी आल्यावर अंबाजीनं कुलूप जागच्या जागी बसवलं. बाहेरून काही म्हणता काही बदललं नव्हतं. मुक्ताबाईनं आपली किल्ली घालून फिरवून बघितली. खट्ट. जिभेचा आवाज पूर्वीचाच.

दिवाळी आली आणि गेली. त्या घरात पणती लागायची नव्हतीच. ओढ्याकडचं भात पिवळं पडलं, आणि वडिवळ्याच्या एका गाडीवानाबरोबर बयाबाईचा निरोप आला: सोमवारी येते.

सोमवारी मुक्ताबाईनं तांबडं फुटायच्या आधी भाकरी बांधून घेतली, दार ओढून किल्ली फिरवली आणि विळा घेऊन खाचरात गेली. तिचा हिशोब सरळ होता. बया येईल, किल्ली लावील, फिरणार नाही. मग समजेल. रडेल, शिव्या देईल, चार बायका गोळा होतील, आणि ती परत स्टेशनाच्या वाटेला लागेल. आपण तिथं असायला नको.

दिवसभर तिनं विळा चालवला. पेंढ्या बांधताना तिचे कान गावाकडे होते. पण भांडणाचा आवाज काही आला नाही. उन्हं उतरल्यावर तिला वाटलं, गेली असेल. असं वाटल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. विळा कमरेला खोचून ती निघाली.

बयाबाई ओट्यावर बसली होती. शेजारी गाठोडं. अंगण झाडलेलं, गोठ्यातलं शेण काढलेलं, म्हशीपुढे वैरण. पाण्याचा हंडा भरून दाराशी ठेवलेला. मुक्ताबाईला बघून ती उठून उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. भ्याल्यासारखी दिसत होती.

"आक्का, माझ्या हातनं काय झालं ठावं न्हाई."

मुक्ताबाईचा पाय पायरीवर थांबला.

"किल्ली फिरंना. सकाळधरनं बघतीया. भावाच्या पोरीनं खेळायला घेतली व्हती, तिनं आपटली असंल कुटंतरी. मी शालूबाईकडनं खोबरेल आनून सोडलं. दगडावर घासलीबी वाईच." तिनं उजवा हात लपवला, पण मुक्ताबाईनं बघितला, अंगठ्याच्या पेराला चिंधी होती आणि चिंधी लाल झाली होती. "जोर न्हाई लावला, आक्का. मोडंल म्हनून भ्याले. धन्याचं कुलूप हाय. कुलूप तर बिघाडलं न्हाई ना?"

कुंपणापलीकडनं शालूबाई म्हणाली, "सकाळधरनं सांगतीया हिला, आमच्यात ये, भाकरी खा. तर म्हनती आक्का येऊ दे. आता आली बाई तुझी आक्का, जेव एकदाची."

मुक्ताबाईनं आपली किल्ली काढली. दाराच्या भोकाशी तेल ओघळलं होतं, त्यावर धूळ बसली होती. तिनं किल्ली घातली आणि फिरवली. खट्ट.

"तुमची चालती!" बयाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शालूबाई दचकली. "म्हंजी कुलूप धड हाय. माझी किल्लीच बिघाडली. बरं झालं, देवा." आणि ती तिथंच ओट्यावर बसून रडायला लागली. सबंध दिवस धरून ठेवलेलं रडणं होतं ते. ते आपल्यावरच्या रागाचं असतं तर मुक्ताबाईला सोसलं असतं.

रात्री मुक्ताबाईनं भाकरी थापल्या. बयाबाईनं खुंटीवरच्या रखमाजीच्या पागोट्याची धूळ झटकली आणि ते परत तसंच ठेवलं. मग जेवताना तिनं आपली किल्ली मुक्ताबाईच्या ताटाशेजारी ठेवली.

"लोनावळ्याला जाल तवा सोपानभाऊला दाखवा. मी न्हाई जात. त्यो इचारंल काय केलंस, मला सांगता यायचं न्हाई."

मुक्ताबाईनं घास तोंडात धरला आणि किल्लीकडे बघितलं. दगडावर घासल्याचे ओरखडे होते, पण दात सगळे जागच्या जागी होते. रखमाजीनं बयाच्या तळहातावर किल्ली ठेवली तेव्हा होते, तसेच.

सकाळी तिनं अंबाजीला हाक मारली. तो आला तोच पुटपुटत. "वैनी, ती आत कशी? दार कुनी उघडलं?"

"मी."

"मग त्या दिशी एवढी खटपट कशापायी केली?"

"पेचकस आनलाय का?"

"आनलाय."

"मग कुलूप काढा. बिघाडलंय."

"बिघाडलंय? मी स्वता बसिवलंय त्ये!"

"भावजी," मुक्ताबाई म्हणाली, "तुमी काढता का मी काढू?"

अंबाजीनं काढलं. आपलं नेमकं काय चुकलं हे त्याला पुढेही कधी कळलं नाही. त्यामुळे तो वर्षभर रागावून होता.

सोपाननं ठोकळ्यावर ठेवलेल्या वस्तू बघितल्या. एक कुलूप, दोन किल्ल्या आणि दोर्‍यात ओवलेली पत्ती. पत्तीला सुपारीचा वास येत होता. घासलेली किल्ली त्यानं उजेडात धरली.

"घावली म्हनायची."

"घावली."

"दगडावर घासलीया कुनीतरी." त्यानं बोटानं ओरखडा चाचपला. "ठीक हाय. दोन हात मारतो, दोन्ही चालत्याल." आणि त्यानं कानस उचलली.

मुक्ताबाईनं किल्लीवर हात ठेवला.

हे सोपं होतं. किल्ली घेऊन घरी जायचं, धर तुझी किल्ली, नीट झाली म्हणायचं. बया आणखी एकदा पाया पडली असती. कुणाला काही कळलं नसतं. पण तिच्या किल्लीला कानस लागणार, तिचा दात कापला जाणार, आणि जन्मभर ती म्हणत राहणार, माझ्या हातनं बिघडली होती, आक्कांनी नीट करून आणली.

"हिला कानस लावू नगा," मुक्ताबाई म्हणाली. "जुनी पत्ती बसवा."

"मग तुमची चालनार न्हाई, बाई. कापलेला दात मला चिकटवून देता येत न्हाई."

"ठावं हाय."

"नवी करून देतो. हिच्यावर माप घेतो, बसा घटकाभर."

"नको."

"मग घरात जानार कशा?"

मुक्ताबाईनं पदर सारखा केला. "दोघींतली एक घरात असतीच की," ती म्हणाली. "ती उघडंल."

सोपाननं चिमट्यानं दोर्‍याची गाठ सोडली. पत्ती पुसली, मेण लावलं आणि बाकी तिघींवर बसवली. काढलेली नवी पत्ती त्यानं रीतीप्रमाणे दोर्‍यात ओवली आणि पुढे केली. मुक्ताबाईनं ती घेतली नाही. म्हातारा क्षणभर हात तसाच धरून होता. मग त्यानं ती मागच्या खिळ्याला टांगली.

कुलूप परत बसलं. बयाबाईनं किल्ली घातली, डोळे मिटून फिरवली. खट्ट. तिनं एकदा उघडलं, एकदा लावलं, परत उघडलं, शेवटी मुक्ताबाई म्हणाली, "आता झिजवशील." मग थांबली.

एवढ्यानं त्या दोघी बहिणी-बहिणी झाल्या असं कोणी समजू नये. तिसर्‍याच दिवशी चुलीतली राख कुठे टाकायची यावरून त्यांचं वाजलं. आणि ते पाण्याचं फुलपात्र? मुक्ताबाई ते रोज घासत होती आणि फळीवर पालथं ठेवत होती. त्यातनं ती अजून एकदाही पाणी प्यायली नव्हती.

कापणी संपत आली तेव्हाची गोष्ट. बयाबाई कपडे घेऊन ओढ्यावर गेली होती, जाताना दार लावून. मुक्ताबाई खळ्यावरनं डोक्यावर पेंढा घेऊन आली, आणि नेहमीच्या सवयीनं किल्ली काढून भोकात घातली. किल्ली आत गेली. फिरली नाही.

ती ओट्यावर बसली. ऊन तोंडावर येत होतं. पाय ठेवायला सावली नव्हती आणि घशाला कोरड पडली होती. आतल्या माठाचं पाणी दाराच्या एका फळीपलीकडे होतं. सबंध दिवस असं बसायचं म्हणजे काय, हे तिला घटकाभरातच कळलं. कुंपणाकडनं शालूबाईनं विचारलं, "काय गं, भायेर का?" मुक्ताबाई म्हणाली, "बसलीया जरा."

बयाबाई ओल्या कपड्यांचा पिळा खांद्यावर घेऊन आली. ओट्यावर आक्का आणि भोकात किल्ली बघून तिचं तोंड उतरलं. "माझ्यानं परत कुलूप बिघाडलं का?"

"न्हाई. माझी किल्लीच चालत न्हाई."

बयाबाईनं ती किल्ली भोकातनं काढली. आपल्या कमरेची सोडली. दोन्ही शेजारी धरल्या. एकीचा एक दात आखूड होता, आणि जिथं आखूड झाला तिथं पितळ पिवळंधमक चमकत होतं. बाकी सगळी किल्ली वर्षांच्या हातानं काळवंडलेली. झिजलेल्या पितळाला अशी चमक नसते, आणि असा सरळ कापही नसतो. बयाबाईनं त्यावरनं अंगठा फिरवला. तोच अंगठा, पेरावरची जखम नुकती भरली होती.

मुक्ताबाई समोरच्या पेंढ्याकडे बघत राहिली. खांद्यावरच्या लुगड्यातनं पाणी ठिबकत होतं, त्याचं ओट्यावर थारोळं झालं.

"लय झिजलीया, आक्का," शेवटी बयाबाई म्हणाली.

"व्हय."

बयाबाईनं आपल्या किल्लीनं दार उघडलं. आत गेली, माठातनं पाणी काढलं आणि बाहेर येऊन मुक्ताबाईपुढे धरलं. फळीवरचं तेच फुलपात्र होतं. मुद्दाम घेतलं की हाताला लागलं म्हणून, हे मुक्ताबाईनं विचारलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ते धरलं आणि सगळं पाणी प्यायली.

दुसर्‍या दिवशी खाचरात जायला दोघी एकदमच निघाल्या. बयाबाईनं दार ओढलं, किल्ली फिरवली, आणि कमरेला न खोचता ती दाराशेजारच्या पणतीच्या कोनाड्यात ठेवली. दोघींचा हात पोचेल अशी.

अंबाजी रस्त्यानं चालला होता. तो थबकला. "उघड्यावर किल्ली ठिवायची, तर मग कुलूप तरी कशाला लावता?"

दोघी विळे घेऊन पुढे गेल्या. थोरली पुढे, धाकटी मागे, नेहमीसारख्याच.